पन्नास मिलिसेकंदांची कुस्ती

सुकुमार चौगुल्यांचा आवाज त्यांच्या सुनेने, त्रिशलाने, कधी ऐकलाच नव्हता. ती लग्न होऊन कुरणवाडीच्या घरात आली त्याच्या आदल्याच वर्षी कर्करोगामुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. गळ्याच्या तळाशी श्वासासाठी केलेलं छिद्र, त्यावर पांढरा जाळीदार रुमाल आणि हातात फोन. काही सांगायचं झालं की ते फोनवर बोटाने लिहायचे आणि समोरच्यापुढे धरायचे.

बाकी सगळ्या जगाने तो आवाज ऐकला होता. सुकुमार चौगुले, सगळ्यांचे अण्णा, कुस्तीच्या मैदानांचे निवेदक. सांगली-कोल्हापूरकडे तीस वर्षं त्यांनी माईक धरला. लाल मातीत कुणाचा हात कुठे गेला हे शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसत नाही. ते त्याला अण्णा दाखवायचे. त्रिशला बाजारात गेली तर भाजीवालीसुद्धा म्हणायची, "तुमी चौगुले अण्णांच्या सूनबाई व्हय? काय गळा हुता बाई त्यांचा!" त्रिशला नुसती मान डोलवायची. आपल्याच घरातल्या माणसाबद्दल गावाला जे ठाऊक आहे ते आपल्याला नाही, याचं तिला दर वेळी थोडं वाईट वाटायचं.

ती पुण्यातल्या एका कंपनीसाठी गावातूनच काम करायची. यंत्रांच्या पोटात ज्या चिप असतात त्यांचे प्रोग्राम लिहिणं हे तिचं काम. बिनड्रायव्हरच्या ऊसतोडणी यंत्राला शेंड्याचं हिरवं वाढं कुठे संपतं आणि कांडं कुठे सुरू होतं ते ओळखायला तिने शिकवलं होतं. ते यंत्र पहिल्यांदा गावच्या शिवारात उतरलं तेव्हा सगळे बांधावर उभे राहून बघत होते. तिची सासू, कुसुमताई, बराच वेळ बघून म्हणाली, "तुझ्या त्या चिपला उसाचं कांडं कळतं. माणसाची जीभ कळत न्हाई होय गं?"

कुसुमताई सहज बोलून गेली. त्रिशलाला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

शास्त्र तसं अवघड नव्हतं. स्वरयंत्र गेलं तरी अण्णांची जीभ, ओठ, जबडा शाबूत होते. बोलायचं मनात आलं की मेंदू या स्नायूंना विजेचे बारीक बारीक संदेश पाठवतो. हनुवटीखाली चिकटवलेली एक मऊ पट्टी ते संदेश टिपू शकते. त्यांतून 'हा माणूस आत्ता काय म्हणतोय' हे ओळखायचं आणि कॉलरला लावलेल्या छोट्या स्पीकरमधून ते म्हणायचं, एवढंच काम.

ते करणारी चिप नखाएवढी होती, पण तिच्यात चार जातींचे प्रोसेसर शेजारी शेजारी बसवलेले होते. पहिला साधा, सगळी कामं येणारा, पण एकामागून एक करणारा. तो घरचा कारभारी. दुसऱ्याला फक्त लाटांची गणितं येतात, पण ती विजेच्या चपळाईने. तिसरा हजारो उदाहरणं पाहून ओळखायला शिकतो, मेंदूच्या धर्तीवर. आणि चौथ्याला स्वतःचं असं कामच नसतं. त्याच्या आतल्या जोडण्या प्रोग्रामने हव्या तशा बांधायच्या, की तो आज एक यंत्र असतो आणि उद्या दुसरं. चौघांची भाषा वेगळी आणि घड्याळही वेगळं. कुठलं काम कुणाकडे द्यायचं आणि एकाचं दुसऱ्याला कधी मिळेल हे ठरवणं, यातच प्रोग्राम लिहिणाऱ्याचं कसब.

आवाज मिळाला तो जुन्या मैदानांच्या चित्रफितींतून. एका शौकिनाने चौदा तासांचं निवेदन जपून ठेवलं होतं. सहा आठवडे रोज सकाळी अण्णा घराच्या पुढच्या सोप्यात बसायचे, हनुवटीखाली पट्टी लावायची आणि स्वतःच्याच जुन्या निवेदनाबरोबर ओठ हलवायचे, म्हणजे चिपला कळावं की स्नायू असे हलले की आवाज असा येतो. मधेच ते थांबायचे आणि फोनवर लिहून दाखवायचे, "हितं मी डावाचं नाव चुकलो होतो. आज बरोबर म्हणू का?"

"नको अण्णा," त्रिशला हसायची. "चुकाच. नाहीतर चिपचा घोटाळा होईल."

पहिल्यांदा सगळं जोडून झालं त्या दिवशी दुपारी घरचे जेवायला बसले होते. अण्णांचा मुलगा, त्रिशलाचा नवरा शीतल कारखान्यातून मुद्दाम लवकर आला होता. सगळ्यांच्या नजरा अण्णांच्या तोंडाकडे. अण्णांनी ओठ हलवले. क्षणभर काहीच नाही. मग कॉलरवरचा स्पीकर गरजला,

"मीऽऽठ वाढ!"

असा गरजला, जसा मैदानात शेवटच्या कुस्तीचा पुकारा व्हावा. घरामागच्या परड्यातल्या कोंबड्या फडफडत पळाल्या. शीतलच्या हातातली आमटीची वाटी कलंडली. कुसुमताईने मीठ वाढायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. अण्णाही दचकले होते. त्यांनी परत तोंड उघडलं, "जरा हळू बोलता येतंय का बघ," आणि हेही दहा हजार प्रेक्षकांना ऐकू जाईल असं आलं. मग जे हसू फुटलं ते थांबेना. शीतल हसता हसता रडायला लागला. सात वर्षांनी बापाचा आवाज आला होता, आणि तो मीठ मागत होता.

आठ दिवस घरात मैदान चाललं होतं. "चाऽऽवी कुठं ठेवली!" "धाऽऽर काढली का!" शेजारचे दारात येऊन उभे राहायचे. सगळे खूश होते. एकटी कुसुमताई गप्प गप्प असायची. त्रिशलाने तिला विचारलं.

"आवाज त्यांचाच हाय," कुसुमताई म्हणाली. "पण मैदानातला. त्यो गावाचा. घरात ते असं नव्हते बोलत."

अडचण खरी होती. चौदा तास होते ते सगळे मैदानातले. घरातलं बोलणं कुणीच जपून ठेवलेलं नव्हतं. घरात कोण कुणाला रेकॉर्ड करतं? तो आवाज आता एकाच ठिकाणी शिल्लक होता, कुसुमताईच्या कानात.

मग त्रिशलाने सासूलाच शेजारी बसवलं. अण्णा एक वाक्य म्हणायचे, त्रिशला आवाजाची पट्टी, श्वास, खरखर कमीजास्त करायची, आणि कुसुमताई डोळे मिटून ऐकायची. "अजून खाली. न्हाई, आता सर्दी झाल्यागत वाटतंय. मागचंच बरं हुतं. वाक्य संपताना आवाज थोडा विरायचा त्यांचा. आणि 'कुसुम' म्हणताना 'सु' जरासा लांबवायचे. माझ्यासाठी न्हवं, सवयच तशी."

अकराव्या दिवशी स्पीकरला दोन बटणं झाली, एक मैदानातल्या आवाजाचं, एक घरातल्या. घरातलं दाबून अण्णा म्हणाले, "कुसुम, चहा ठेव की."

कुसुमताई उठून आत गेली. बराच वेळ चहा आला नाही. त्रिशला बघायला गेली तर दूध उतू जाऊन शेगडीवर पसरलेलं, आणि सासू पदराने डोळे पुसत त्याच्याकडेच बघत उभी. "उतू गेलं की गं सगळं," ती म्हणाली आणि हसली.

अण्णांना आवाज आल्याची बातमी तालमीत पोचायला वेळ लागला नाही. गावच्या तालमीचे वस्ताद गणपत सुतार एक दिवस सोप्यात येऊन बसले. यात्रेचं मैदान तीन महिन्यांवर होतं.

"अण्णा, औंदा माईक तुमच्या हातात. न्हाई म्हणायचं न्हाई."

अण्णांनी त्रिशलाकडे पाहिलं. तिला एक गोष्ट ठाऊक होती. अण्णांचे ओठ हलल्यापासून स्पीकर बोलेपर्यंत चारशे मिलिसेकंद जात होते, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडे कमी. घरच्या बोलण्यात ते कुणाला जाणवत नव्हतं. पण कुस्तीत तेवढ्या वेळात पाठ मातीला टेकल्यासारखी होते आणि माणूस सुटूनही जातो. निवेदन मागे राहिलं तर प्रेक्षक एक बघणार आणि दुसरंच ऐकणार.

तिने कंपनीतल्या वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, "सोपं आहे. ओळखणाऱ्या प्रोसेसरला पुढचा शब्द आधीच ओळखू दे. माणूस काय म्हणणार हे दहातल्या नऊ वेळा ठरलेलंच असतं." तिने तशी सोय केली. चिप आता पहिल्या एकदोन शब्दांवरून पुढचं वाक्य ताडायची आणि अण्णांचे ओठ तिथे पोचायच्या आत बोलूनही टाकायची. उशीर जवळजवळ दिसेनासा झाला. अण्णाही सुरुवातीला खूश होते. "जीभ पयल्यापेक्षा बी तयार झालीया," ते म्हणाले.

चाचणीसाठी वस्तादांनी रविवारी तालमीत एक कुस्ती ठेवली. तालमीतला संगमेश, बावीस वर्षांचा, यात्रेच्या मोठ्या कुस्तीसाठी तयार होत होता. त्याच्यापुढे शेजारच्या गावचा एक मल्ल. दोनेकशे माणसं जमली. अण्णांनी सुरुवात केली आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. त्रिशला कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली होती. आकडे झकास येत होते.

पाचव्या मिनिटाला समोरच्याने संगमेशला खाली घेतलं. संगमेश अर्धा उलटला, एक खांदा मातीच्या बोटभर वर. अण्णांचे ओठ हलले, "संगमेशची पाठ..." आणि चौदा तासांच्या निवेदनात 'पाठ' या शब्दानंतर बहुतेक वेळा जे आलं होतं ते चिपने म्हणून टाकलं: "...मातीला लागली! चीतपट!"

प्रेक्षकांतून शिट्ट्या झाल्या. संगमेशने ते ऐकलं. कुस्ती संपली असं समजून त्याने अंग सैल सोडलं, आणि पुढच्या क्षणाला त्याची पाठ खरोखरच मातीला लागली.

तो तसाच मातीत बसून राहिला. "अण्णा, लागली नव्हती हो," एवढंच म्हणाला.

अण्णांनी हनुवटीखालची पट्टी सोडवली, कॉलरवरचा स्पीकर काढला आणि दोन्ही त्रिशलाच्या हातात ठेवले. मग खिशातून फोन काढून लिहिलं, "मी 'पाठ राखली' म्हणणार होतो."

चार दिवस घरात पुन्हा फोनवरचं लिहिणं सुरू झालं. अण्णा रोज सकाळी तालमीत जाऊन संगमेशजवळ बसून यायचे. तो म्हणायचा, "जाऊ द्या की अण्णा," पण ते रोज जायचेच. त्रिशलाला कुणी बोल लावला नाही. त्याचाच तिला जास्त त्रास होत होता. पाचव्या दिवशी ती सोप्यात त्यांच्यासमोर बसली.

"अण्णा, चूक माझी आहे. मी तुमच्या तोंडात भलतंच घातलं."

त्यांनी लिहिलं, "तीस वर्षं बोललो. कधी घडायच्या आधी बोललो नव्हतो."

"मग तुम्ही इतकं झटकन कसं बोलायचात? डाव काय पडणार ते तुम्ही आधी ताडत नव्हतात?"

अण्णांनी नकारार्थी मान हलवली. बराच वेळ लिहीत राहिले आणि मग फोन तिच्यापुढे धरला.

"हात कुणाचा हलला ते आधी दिसतं. तेवढं खरं. म्हणून आधी नाव घ्यायचं. नाव म्हणेस्तोवर डाव कळतो. मग डाव म्हणायचा. ते म्हणेस्तोवर लागला का फसला ते कळतं. जेवढं कळलं तेवढंच बोलायचं. पण सगळं कळायची वाट बघत थांबायचं न्हाई."

त्रिशलाने ते तीनदा वाचलं. मग ती उठली आणि लॅपटॉपकडे गेली.

तिने चारशे मिलिसेकंद कुठे जातात ते मोजायला घेतलं, आणि निघालेला आकडा बघून तिलाच हसू आलं. चौघा प्रोसेसरांचं प्रत्यक्ष काम मिळून चाळीस मिलिसेकंदांचंही नव्हतं. बाकी सगळा वेळ ताटकळण्यात जात होता. अख्खा शब्द पूर्ण होईपर्यंत सगळेच थांबायचे. मग एक जण आपलं काम कारभाऱ्याकडे द्यायचा, कारभारी त्याची नक्कल करून पुढच्याकडे, पुढचा परत कारभाऱ्याकडे. लग्नाच्या पंगतीत प्रत्येक वाढप्याने भांडं आधी आचाऱ्याला दाखवून आणावं तशातली गत.

तिने सगळं मोडून नव्याने मांडलं. चौथ्या प्रोसेसरच्या जोडण्या अशा बांधल्या की पट्टीवरचे संदेश कारभाऱ्याला न विचारता सरळ पुढे जावेत. चौघांनाही एकच सामाईक जागा दिली, नकला बंद. आणि शब्दाची वाट बघणं सोडून दिलं. दर दहा मिलिसेकंदांना जेवढं कळलं असेल तेवढंच पुढे द्यायचं. स्नायूंच्या ताणावरून आवाज किती मोठा, किती उंच हे आधी कळतं; तेवढं घेऊन लाटांची गणितं करणाऱ्याने स्वर सुरू करायचा. मागोमाग ओळखणाऱ्याकडून कळेल की तो 'आ' आहे की 'ओ', 'प' आहे की 'म'. तसा त्याला आकार द्यायचा. पुढचा शब्द ताडायची सोय तिने काढूनच टाकली, परत चालू करता येणार नाही अशी.

पंचवीस दिवस लागले. दोनदा स्पीकरमधून नुसतं बेडकासारखं ओरडणं आलं. एकदा चौघांपैकी दोघे एकमेकांची वाट बघत कायमचेच थांबून राहिले. शीतल कामावरून आला की विचारायचा, "आज कोण रुसलंय?" आणि ती खरंच कुणातरी एकाचं नाव सांगायची.

शेवटी एका सकाळी कुसुमताई अण्णांसमोर बसली. तिने टाळी वाजवली की अण्णांनी 'टाळी' म्हणायचं, असं ठरलं. तिने टाळी वाजवली. "टाळी," आवाज आला. पुन्हा. "टाळी." तिने मुद्दाम हात जवळ नेले आणि वाजवलेच नाहीत.

"फसवतीस व्हय गं!" अण्णा म्हणाले.

लॅपटॉपवर आकडा होता पन्नास मिलिसेकंद. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. मात्र एक उणीव राहिली होती. पुढचं-मागचं बघून शब्द नीटनेटका करणारं आता कुणी नव्हतं, त्यामुळे कधी 'क'चा 'ख' व्हायचा, कधी 'ट'चा 'ठ'.

"मधेमधे बोबडं येणार, अण्णा," त्रिशला म्हणाली.

"येऊ दे. माझं हाय."

यात्रेच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी चारला, हलग्या कडाडल्या. मैदानाच्या चारी बाजूंना माणूस दाटला होता. त्रिशला आणि कुसुमताई स्टेजच्या कडेला बसल्या. अण्णांनी पांढरा फेटा बांधला होता. ते उभे राहिले, श्वास घेतला आणि म्हणाले,

"खुस्तीशौकीन मंडळी!"

कुणीतरी हसलं, आणि हशा पसरत गेला. त्रिशलाने ओठ चावला. अण्णाही हसत होते.

"दात काढू नका!" आवाज घुमला. "आवाज नवा हाय. कुस्ती जुनीच हाय!"

मग मात्र टाळ्यांनी मैदान उचललं. एकामागून एक जोड्या सुटल्या. अण्णा बोलत होते, नाव, मग डाव, मग निकाल, आणि शब्द हालचालीला चिकटून येत होता. शेवटच्या रांगेतले लोक माना उंचावायचं सोडून खाली बसले. त्रिशलाने थोडा वेळ लॅपटॉपवरचे आकडे पाहिले. मग लॅपटॉप मिटला आणि ती कुस्ती बघायला लागली. सहा वर्षं ह्या गावात राहून ती पहिल्यांदाच मैदान ऐकत होती, आणि तिला लाल मातीतलं सगळं दिसत होतं.

मोठी कुस्ती संगमेशची होती, बेळगावकडच्या यल्लाप्पा नावाच्या दांडग्या मल्लाशी. बारा मिनिटं दोघं एकमेकांना तोलत राहिले. तेराव्या मिनिटाला यल्लाप्पाने पायाला हात घालून पट काढला आणि संगमेश धाडकन आडवा झाला. त्याच्यावर यल्लाप्पाचं सगळं वजन. हजारो लोकांनी एकच ओरडा केला, "चीऽऽत! चीत!" पंच वाकून बघत होते. यल्लाप्पाचे लोक आखाड्यात धावले. त्रिशलाचा हात कुसुमताईच्या हातात गेला.

"न्हाई!" सगळ्या कल्लोळावरून आवाज आला. "न्हाई मंडळी! संगमेश... मानेवर हाय! टाचेवर हाय! कमान केलीया! खांदा मातीला लागलेला न्हाई! डावा खांदा वर हाय... अजून वर हाय... वळतोय! संगमेश वळतोय!"

धावणारे थबकले. पंचांनी हात हलवून कुस्ती चालू असल्याची खूण केली. संगमेशने मानेवर सगळा भार घेतला, कंबर उचलली, आणि यल्लाप्पाच्या बगलेखालून असा फिरला की वरचा खाली आला. अण्णांनी आधी संगमेशचं नाव घेतलं, मग डावाचं. मग थांबले. पंचांनी यल्लाप्पाच्या दोन्ही खांद्यांखाली पाहिलं, तेव्हाच त्यांनी म्हटलं, "चीतपट."

त्यांना तो शब्द ओरडावाही लागला नाही. पुढचं काही कुणाला ऐकूच आलं नाही. फेटे हवेत उडाले, हलग्यांनी ताल सोडला, वस्ताद गणपत सुतार भर मैदानात लहान मुलासारखे नाचले. यल्लाप्पाने स्वतः संगमेशचा हात धरून वर केला. कुसुमताई उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि पदर खांद्यावरून घसरल्याचं तिच्या गावीही नव्हतं.

लोकांनी खांद्यावर घेतलेला संगमेश फिरत फिरत स्टेजपाशी आला. अंगभर लाल माती, कपाळावर खरचटलेलं. त्याने खाली उतरून अण्णांच्या पायांना हात लावला.

"अण्णा," तो धापा टाकत म्हणाला, "तुमी 'न्हाई' म्हणाला, म्हणून मला उठता आलं."

अण्णांनी माईक बाजूला केला. कॉलरवरचं बटण दाबून त्यांनी मैदानातला आवाज बंद केला आणि घरातला लावला.

"उलटं हाय बाळा," ते हळू म्हणाले. "तू उठत हुतास, म्हणून मला 'न्हाई' म्हणता आलं."